डच काका

शेजाऱ्यांची टर उडवायची तर इंग्रजांची एक सोपी रीत आहे. एखादी बरी वस्तू घ्यायची, तिच्यामागे शेजाऱ्याचं नाव जोडायचं, की वस्तू नासली. 'डच करेज' म्हणजे बाटलीतून आलेलं अवसान. 'डच ट्रीट' म्हणजे मेजवानी एकाची आणि बिल ज्याचं त्याला. आपल्याकडची कॉलेजची पोरं याला 'टीटीएमएम' म्हणतात, तुझं तू माझं मी. 'डच कॉन्सर्ट'मध्ये प्रत्येक वादक आपापली वेगळी चाल वाजवत सुटलेला असतो. 'डबल डच' तर निव्वळ अगम्य बडबड. धैर्य खोटं, मेजवानी खोटी, मैफल खोटी. आणि याच पंगतीत एक काका येऊन बसला आहे. 'डच अंकल.' म्हणजे तोंडावर बोलणारा, शब्द साखरेत न घोळवणारा, विचारलं नसलं तरी सांगणारा माणूस.

वरच्या हिशेबानं हाही खोटाच. नात्यानं कुणी नसताना काकाच्या अधिकारानं झापणारा, किंवा काका म्हणवून घेऊन काकाची माया न दाखवणारा. दोन्ही अर्थ लावले जातात. पण बाकीच्या पंगतीचं आणि याचं एक जमत नाही. बाटलीतल्या धैर्याबद्दल कुणी कृतज्ञ नसतो. डच काकाबद्दल मात्र माणसं बरेचदा आदरानं बोलतात. 'त्यानं मला डच काकासारखं सुनावलं,' असं सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार असतेच, पण तिच्याखाली थोडा अभिमानही असतो. मला सुनावावं असं कुणाला तरी वाटलं, हा तो अभिमान. शिवी द्यायला निघालेली भाषा इथं चुकून प्रशस्तिपत्र देऊन बसली आहे.

डचांवरचा राग समजण्यासारखा होता. १६५२ ते १६७४ या काळात इंग्लंड आणि नेदरलँड्स तीनदा लढले, ते मुख्यतः व्यापारासाठी, समुद्रावर. त्यातली जून १६६७ची गोष्ट इंग्रज आजही फार आवडीनं सांगत नाहीत. डच आरमार मेडवे नदीतून आत शिरलं, चॅटमच्या गोदीजवळ नांगरलेली जहाजं त्यांनी जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे इंग्लंडचं मानाचं जहाज दोर लावून ओढत घरी नेलं. नौदलाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या सॅम्युएल पीप्सनं बायकोला आणि वडिलांना सोनं बरोबर देऊन लंडनबाहेर रवाना केलं. त्याच्या रोजनिशीत ती घाबरगुंडी जशीच्या तशी उतरली आहे. त्या जहाजाच्या मागच्या बाजूचं कोरीव लाकडी काम, सिंह आणि एकशिंगी घोड्यासकट, आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये भिंतीवर आहे. राजाचं जहाज पळवणाऱ्या शेजाऱ्याला काय काय नावं ठेवली जात असतील याची कल्पना आपण करू शकतो. आपणही शेजाऱ्यांची नावं म्हणींत घातलेली आहेतच.

गंमत अशी की इंग्लंडच्या इतिहासात डच काका नाही. डच भाचा आहे. विल्यम ऑफ ऑरेंजची आई इंग्लंडच्या राजघराण्यातली, दुसऱ्या जेम्सची सख्खी बहीण. म्हणजे जेम्स त्याचा मामा. १६७७ साली विल्यमनं याच मामाची मुलगी केली. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. मामाची मुलगी हक्काची. पुढे १६८८ साली इंग्लंडमधल्याच काही बड्या लोकांच्या बोलावण्यावरून तो फौज घेऊन उतरला आणि मामा-सासऱ्याला गादीवरून उठवून नवरा-बायको तिच्यावर बसली. असा भाचा ज्यांनी पाहिला त्यांना काकाची धास्ती वाटली तर नवल नाही. मात्र शब्दप्रयोग म्हणून हा काका छापील मजकुरात भेटू लागतो तो १८३०च्या दशकात, आणि तोही अमेरिकेत. त्या दशकाच्या शेवटी तिथे मार्टिन व्हॅन ब्यूरेन राष्ट्राध्यक्ष होता, ज्याच्या घरची बोली डच होती आणि ज्याला इंग्रजी नंतर शिकावं लागलं. न्यूयॉर्क एकेकाळी न्यू अ‍ॅमस्टरडॅम होतं. तिथल्या डच घरांतली कडक, मोजून खर्च करणारी, मोजून बोलणारी म्हातारी माणसं अमेरिकेनं पिढ्यान् पिढ्या पाहिली होती.

काका कडक का, हा प्रश्न मात्र डचांच्याही आधीचा आहे. रोमन माणसाला दोन वेगळे काका होते. आईचा भाऊ लाडाचा. बापाचा भाऊ म्हणजे पात्रूउस, आपल्या पितृव्याचा भाषिक भाऊबंद. तो शिस्तीचा, खेकसणारा. होरेसच्या कवितेत या चुलत्याच्या जिभेचा धाक येतो, आणि तो सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीसारखा येतो. कारण कायद्यात होतं. बाप मेला तर पोराचा पालक चुलता व्हायचा, पोर मेलं तर वारस चुलता व्हायचा. मामाला यातलं काहीच नव्हतं. त्याच्या हातात फक्त खाऊ.

मराठी घराला हे समजावून सांगावं लागत नाही. मामा सुट्टीचा, काका बारा महिन्यांचा. मामाच्या गावाला जायचं असतं, काकाच्या सोबत राहायचं असतं, आणि सातबाऱ्यावर नाव असतं ते काकाचं. ज्याचा आपल्या जमिनीत वाटा नाही त्याचं प्रेम निर्मळ असतं, आणि तितकंच स्वस्त. चुलत्याच्या प्रत्येक वाक्यात हिस्सा असतो. तो हिस्सा कुठल्या थराला जाऊ शकतो हे शनिवारवाड्यानं ३० ऑगस्ट १७७३ रोजी पाहिलं. नारायणरावाची ती काकाला मारलेली हाक लोककथेत अजून जिवंत आहे. म्हणून 'हितसंबंध असलेला माणूस खरं बोलतो' एवढं सोपं सूत्र मी मांडणार नाही. कशात हिस्सा आहे, ते पाहावं लागतं.

माझे अण्णाकाका वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहायचे. वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला आणि व्यापार करायला डचांनी ती वापरली; आता पडक्या भिंती, मोकळ्या कमानी आणि वर चढलेली झाडं उरली आहेत. अण्णाकाका बाजाराला निघाले की तिच्यावरून जायचे आणि तिच्याकडे ढुंकून पाहायचे नाहीत. त्यांना इतिहासात रस नव्हता, त्यांना बांधात रस होता. खाडीलगतची आमची शेतं खारजमिनीतली. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घातलेला, त्यात पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी फळ्यांची उघाडी. असे बांध खाली गोव्यात, खाजणांत, शतकानुशतकं गावकरी मिळून राखत आले आहेत. वर देशावर बांध म्हणजे भांडणाचं मूळ. दोन भावांच्या शेतांमधली ती एक वीत जमीन कोर्टात पिढ्या खाते. खाडीवर उलटं आहे. बांध सगळ्यांचा, कारण खारं पाणी एकदा आत आलं की ते कुणाचा गट नंबर विचारत नाही, आणि खारावलेली जमीन पुढची किती वर्षं भात देत नाही.

बांधाचे शत्रू मोठे नसतात. कुर्ल्या असतात. खेकडा बीळ करतो, भरतीचं पाणी त्यात शिरतं, माती आतून सैल होते, आणि एखाद्या पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटतो. अण्णाकाका संध्याकाळी काठी घेऊन बांधावरून फिरायचे. एकदा शेजारच्या माणसाला त्यांनी त्याच्या पाहुण्यांदेखत ओटीवरून खाली बोलावलं. "कुर्लेचा बीळ तुझ्या वाट्यात आसा, पण पाणी काय तुझा नाव इचारून येतला?" तो माणूस वयानं मोठा, मानाचा. पाहुणे खाली बघायला लागले. तिथल्या तिथे कुदळ आली, आणि कुदळ धरायला पहिले अण्णाकाकाच खाली उतरले. लहानपणी मला फक्त त्यांचा आवाज लक्षात राहिला होता. कुदळ कुणी धरली हे पुढे कळत्या वयात आठवलं, आणि मग आवाजाचा अर्थ बदलला.

माझ्यावरही ही काठी फिरली. माझा पहिला लेख एका दिवाळी अंकात छापून आला, तेव्हा घरात सगळ्यांनी कौतुक केलं. मामानं पेढे आणले, अर्थातच. अण्णाकाकांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बाय गो, पयला पान कित्याक लिवलंस? दुसऱ्यापासून सुरू कर." मी रागानं जेवले नाही. कॉलेजच्या माझ्या फीची मनिऑर्डर वेंगुर्ल्याच्या पोस्टातून यायची आणि तिच्यावर त्यांची सही असायची, म्हणून उलट बोलायचीही सोय नव्हती. ते पान खरंच बिनकामाचं होतं की नाही, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पण आजही काही लिहिलं की पहिलं पान मी संशयानं वाचते.

खऱ्या डच माणसांत या काकाचा नमुना शोधायचा तर मी एड्सखर डाइकस्ट्राकडे बोट दाखवीन. संगणकशास्त्रातला हा फार मोठा माणूस. आपण गाडीत बसून मोबाइलला रस्ता विचारतो, त्यामागच्या गणितात त्याची एक रीत आहे. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेलेला असताना, कॉफी पिता पिता, वीसेक मिनिटांत ती त्यानं मनातल्या मनात जुळवली, असं तो स्वतः सांगायचा. पुढच्या वर्षी लग्नाच्या नोंदणीत त्यानं व्यवसाय 'प्रोग्रॅमर' लिहिला, तर नगरपालिकेनं असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला. त्या नगरपालिकेलाही डच काकाच म्हणावं लागेल. डाइकस्ट्रा आपली टिपणं शाईच्या पेनानं, सुबक अक्षरात लिहायचा, प्रती काढून ओळखीच्यांना टपालानं पाठवायचा. अशी तेराशेच्या वर टिपणं आहेत. १९७५च्या एका टिपणात त्यानं त्या काळी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा एकेक करून निकाल लावला. एक भाषा शिकवणं हा गुन्हा समजावा, दुसरी शिकलेल्या विद्यार्थ्यांची डोकी दुरुस्तीपलीकडे गेलेली असतात, अशा अर्थाचं. ज्यांच्या पोटापाण्याच्या भाषा होत्या ती माणसं चिडली. अ‍ॅलन के या अमेरिकी शास्त्रज्ञानं भर सभेत विनोद केला, की संगणकशास्त्रात उद्धटपणा नॅनो-डाइकस्ट्रामध्ये मोजतात.

मला तो विनोद आवडतो, पण माझं मत डाइकस्ट्राच्या बाजूनं पडतं. हा माणूस बाहेर उभा राहून दगड मारत नव्हता. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात त्यानं हातानं प्रणाल्या बांधल्या होत्या, चुका कुठे शिरतात हे त्यानं बिळापाशी बसून पाहिलं होतं. त्याच आइंडहोव्हनमध्ये आता मराठी इंजिनिअरांची बरीच वस्ती आहे. माझी एक भाची तिथे नोकरी करते. पहिल्या महिन्यात तिच्या वरिष्ठानं भर बैठकीत सांगितलं, की तुझं हे काम चांगलं नाही, पुन्हा कर. आणि बैठक संपल्यावर विचारलं, कॉफी घेणार का. तिला दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून आली हेच पचेना. पुण्यात पहिलं वाक्य बोललं गेलं असतं तर दुसरं निदान पुढच्या दिवाळीपर्यंत आलं नसतं.

डच माणूस असा का बोलतो, याची कारणं कुणी कॅल्व्हिनच्या धर्मपंथात शोधतात, कुणी व्यापारात. माझा कौल पाण्याला आहे. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. तेराव्या शतकापासून तिथे पाण्याची मंडळं आहेत: बांध, कालवे, पंप यांची देखरेख करणारी, स्वतःचा कर बसवणारी, आणि आजही मतदानानं निवडून येणारी. बांधाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी नावावर असायचा. ज्याला आपला तुकडा राखणं झेपत नसे तो बांधात आपलं फावडं रोवून निघून जायचा. ते फावडं जो उपटेल त्याला जमीन मिळायची आणि तिच्याबरोबर बांधाची जबाबदारीही. अशा गावात शेजाऱ्याच्या बांधाला भेग दिसली तर ती कुठल्या शब्दांत सांगावी, याचा विचार करायला वेळ नसतो. बोट घालून बांध वाचवणाऱ्या त्या पोराची गोष्टही, बरं का, डचांची नाही. ती १८६५च्या एका अमेरिकी कादंबरीनं जगभर पोचवली. मातीच्या बांधाला भोक पडलं तर बोट पुरत नाही. अण्णाकाकांना हे कुणी सांगायला नको होतं.

पण डच देशातही काकाचं ऐकलं जातंच असं नाही. योहान व्हॅन व्हेन नावाचा इंजिनिअर सरकारी जलखात्यात होता. भरती-ओहोटीची, वादळांची मोजमापं त्यानं वर्षानुवर्षं केली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा हिशेब स्पष्ट झाला: नैऋत्येकडचे बांध कमी उंचीचे आहेत. त्यानं ते वरिष्ठांना सांगितलं, पुन्हा सांगितलं. मध्ये युद्ध आलं, नंतर देश उभारायचा होता, पैसा नव्हता, आणि लोकांना घाबरवायचं नव्हतं. व्हॅन व्हेन टोपणनावानं लिहू लागला. नाव निवडलं 'डॉ. कॅसांड्रा', ट्रॉयची ती राजकन्या, जिला भविष्य दिसायचं आणि जिच्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. अधिकाऱ्यांना हे नाव बोचलं असणार. बोचावं म्हणूनच त्यानं ते घेतलं असावं.

१९५३च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. शनिवारची रात्र. रेडिओ रात्री बंद असायचा, त्यामुळे हवामानखात्याचा इशारा बहुतेक घरांपर्यंत पोचलाच नाही. पहाटेपर्यंत नैऋत्येकडच्या झीलंड आणि आसपासच्या भागातले बांध ठिकठिकाणी फुटले. नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं मेली. व्हॅन व्हेनच्या आकड्यांना त्या रात्री कुणाच्या सहीची गरज उरली नाही. तीन आठवड्यांच्या आत सरकारनं डेल्टा समिती नेमली, आणि तिचा सचिव म्हणून त्यालाच बसवलं. मला या माणसाचं मोठेपण इथं दिसतं. 'मी सांगत होतो' म्हणून तो घरी बसला नाही. आपल्याकडे भाकीत खरं ठरलेल्या माणसाला दुसरं काही काम करावंसं वाटत नाही. जन्मभर तो तेवढंच सांगत फिरतो. व्हॅन व्हेन पुन्हा नकाशावर वाकला.

त्या समितीच्या आराखड्यातून जी कामं उभी राहिली त्यात सगळ्यात अवघड होतं ओस्टरस्खेल्डे हे खाडीचं मुख. मूळ बेत ते धरण घालून कायमचं बंद करायचा. इंजिनिअर ठाम होते. १९५३ त्यांच्या बाजूनं होतं. पण खाडीच्या खाऱ्या पाण्यात कालवं-तिसऱ्यांवर जगणारे मासेमार उठले, त्यांच्यासोबत निसर्गप्रेमी उठले, आणि त्यांनी इंजिनिअरांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही आम्हाला बुडण्यापासून वाचवाल आणि उपाशी माराल. म्हणजे काकाला सुनावणारे काकाही त्या देशात होते. काम चालू असताना आराखडा बदलला गेला. खर्च वाढला, वर्षं वाढली. १९८६ साली तिथे बंद धरणाऐवजी ६२ पोलादी दारांचा अडसर पुरा झाला. वादळ येणार असेल तेव्हा दारं खाली येतात. एरवी उघडी असतात, आणि भरतीचं खारं पाणी रोज दोनदा आत येतं आणि परत जातं.

'मी बाई स्पष्ट बोलते' किंवा 'आपल्याला मागून बोलायची सवय नाही' असं म्हणून सुरुवात करणारी पुष्कळ माणसं आपल्या ओळखीत असतात. त्यांतली बरीचशी बोलून झाल्यावर चप्पल घालून निघून जातात. त्यांना मी काका म्हणणार नाही, डच तर नाहीच. फावडं त्यांच्या हाती कधी दिसत नाही. पण तुमच्या घराण्यात एखादा खरा असेल, तर माझी एक विनंती आहे. लग्नाच्या बोलणीला त्याला नेऊ नका, मोडेल. घर बांधायची जागा बघायला जाल तेव्हा मात्र त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवा.